आतोबांची हार्ड डिस्क आणि डीफ्रॅगचा हिशेब

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज. बाबांना घेऊन टिळक नगरला आत्याकडे गेलो. ओवाळणी झाली, पोहे-जिलेबी झाली, आणि बोटांना अजून जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा मसाला, लागलेलं असतानाच आतोबांनी आतल्या खोलीत बोलावलं. "अरे, हा कॉम्प्युटर बघ जरा. गाता गाता मधेच अडकतो."

अडकतो म्हणजे काय, ते त्यांनी लावूनच दाखवलं. घरच्या बैठकीतला यमन. दहाएक मिनिटं सुरळीत, मग आवाज बंद, कर्सरचं चक्र गरगर, आणि वीस सेकंदांनी जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू. आतोबा म्हणाले, "एवढ्या वेळात तबलजी चहा पिऊन येईल."

आतोबांकडे चारशे कॅसेट आहेत. बऱ्याचशा घरच्या आणि गल्लीतल्या बैठकांच्या, काही मालवा हाऊसवरून, म्हणजे आकाशवाणी इंदूरवरून, रेडिओसमोर माइक धरून भरलेल्या. दीड वर्षात त्यातल्या १५६ कॉम्प्युटरवर घेऊन झाल्या. दोन बाजूंच्या दोन, अशा ३१२ फायली. मशीन दहा वर्षांचं, विंडोज १०, एक टीबीची ७२०० आरपीएमची एकच डिस्क. तिचे सी आणि डी असे दोन भाग, गाणी सगळी ६०० जीबीच्या डीवर.

अडकणं सुरू झाल्यावर त्यांनी नेटवर शोधून एक डीफ्रॅगचं, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे जोडून लावणारं, सॉफ्टवेअर विकत घेतलं. वर्षाला १,४०० रुपये. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा दोष थोडा आणि माझा जास्त आहे. उघडलं की लाल अक्षरांत येतं: डी ३१ टक्के विस्कळीत, त्वरित दुरुस्त करा.

"पैसे वाया गेले का रे?" आत्या ऐकत नाहीये ना हे बघून त्यांनी हळूच विचारलं. दोन रविवारांत सांगतो म्हटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

आधी विंडोजला विचारलं. कमांड प्रॉम्प्टवर डीफ्रॅग डी: /ए /व्ही. हे नुसतं तपासतं, हलवत काही नाही. उत्तर: ११ टक्के. डिस्क तीच, दिवस तोच, एक म्हणतो ११, दुसरा म्हणतो ३१.

खोटं कोणीच बोलत नाहीये. विंडोजच्या अहवालाच्या तळाशी एक ओळ असते, ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे मोजलेले नाहीत अशी. विंडोज व्हिस्टापासूनचा नियम आहे हा. एवढा मोठा तुकडा वाचायलाच अर्धा सेकंद लागतो, त्यापुढे चकतीवर फिरून वाचणाऱ्या हेडच्या एका उडीचे काही मिलिसेकंद कोण मोजतो? डीवर नातीच्या लग्नाचे ९० जीबी व्हिडिओ आहेत, त्यांचे तुकडे असे अवाढव्य. विकतचं सॉफ्टवेअर तेही धरतं आणि आकडा फुगतो. लाल अक्षरं फुकट येत नाहीत.

आणखी एक सापडलं. ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जच्या खिडकीत विंडोजचं आठवड्याचं वेळापत्रक बंद होतं. आतोबांनी केलेलं नाही, त्यांना ती खिडकीच माहीत नाही. नव्या पाहुण्याने घरात शिरताना जुन्या नोकराला रजा दिली होती.

मग संध्याकाळी मी विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पूर्ण ऑप्टिमाइझ' दाबलं. आतोबा खुर्ची ओढून बसले. रंगीत चौकोन हलताना बघायला त्यांना विंडोज ९८ पासून आवडतं. तेव्हा मधेच कोणी काही सेव्ह केलं की 'ड्राइव्हमधला मजकूर बदलला' असं म्हणत तो पहिल्यापासून सुरू व्हायचा, आणि आत्या मुद्दाम तेव्हाच पत्त्यांचा डाव लावायची. व्हिस्टाने तो नकाशाच काढून टाकला. आतोबांनी १,४०० पैकी निदान सातशे या चौकोनांसाठी मोजले असावेत.

चार टक्क्यांवर चौकोन थिजले. डिस्कमधून कट्... कट्... असा आवाज, दर दोन-तीन सेकंदांनी. माउस हलेना. वीस मिनिटं वाट बघून बटण दाबून बंद केलं.

१० नोव्हेंबर, रविवार

जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते आज केलं. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. पिवळं, म्हणजे सावधान. सी५ या ओळीत २८.

सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचे असलेले सेक्टर, डिस्कवरचे छोटे कप्पे. आणि हा आकडा तिथे मुळात षोडशमान, म्हणजे १६ च्या पायाच्या, पद्धतीत दिसतो, म्हणजे २८ हे अठ्ठावीस नव्हेत, चाळीस. मी स्वतः हे कितीतरी जणांना सांगितलंय.

अडकण्याचं कारण हे होतं. घरगुती डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती लगेच हार मानत नाही, तोच तोच पुन्हा वाचत राहते, आणि तोवर विंडोज हात जोडून उभं. यमनची ती वीस सेकंदं तीच. विस्कळीतपणाचा संबंध नाही. असू शकतही नव्हता, हे मला आकडेमोडीनेच कळायला हवं होतं. सीडीच्या दर्जाचा डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेली आवाजाची फाईल, सेकंदाला १,७६,४०० बाइट मागतो, मिनिटाला दहा एमबीच्या आसपास. हेडला नवा तुकडा गाठायला धरा तेरा मिलिसेकंद: आठ-नऊ जागेवर जायला, चारएक चकती अर्धा फेरा घेईपर्यंत. पाव एमबीचा तुकडा दीड सेकंद वाजतो. दीड सेकंदात तेरा मिलिसेकंद कुठून तरी निघतातच. ऐकण्यासाठी डीफ्रॅग ही गोष्टच नाही.

आणि मी काय केलं, तर मरायला टेकलेल्या डिस्कला सहाशे जीबीचं सामान हलवायला लावलं. डीफ्रॅग म्हणजे शेवटी वाच, दुसरीकडे लिही, जुनं मोकळं कर. आजारी डिस्कला यापेक्षा वाईट व्यायाम नाही. सॉफ्टवेअरने सुरू करण्याआधी डिस्कची तब्येत विचारली नाही हे खरं, पण बटण माझ्या बोटाने दाबलं गेलं. आतोबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "कॅसेट आहेत ना अजून?" आहेत. "मग तोंड कशाला पाडतोस?"

मशीन बंद. डिस्क काढून पिशवीत.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर जेल रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. दोन टीबीची डिस्क घेतली, वर २५० जीबीचा एसएसडी, म्हणजे चकती नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. दुकानदाराला सगळी कथा सांगितली तर तो म्हणाला, "भिया, डीफ्रॅग अब कौन करता है, एसएसडी डालो और भूल जाओ।" विंडोजपुरतं बरोबर आहे त्याचं. पण चारशे कॅसेटचे जवळपास ३७० जीबी होतात, वर लग्न, फोटो, आणि या सगळ्याची दुसरी प्रत. तेवढ्या एसएसडीची किंमत आत्यापासून लपत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू, खराब डिस्कवरचा डेटा उतरवून घेणारा प्रोग्राम. आधी वाचता येतं ते सगळं उचलायचं, अडलं की पुढे जायचं, शेवटी अवघड जागांकडे परत यायचं, आणि कुठवर आलो याचा नकाशा फाईलमध्ये ठेवायचा. डीफ्रॅगच्या अगदी उलट स्वभाव. रात्री दहाला लावलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सातला संपलं. न वाचलेलं: ४५,०५६ बाइट. म्हणजे ८८ सेक्टर. गेल्या रविवारी चाळीस होते, ते दुपटीहून वाढले, पण एक टीबीतून एवढंच गेलं. गाण्याच्या हिशेबात पाव सेकंद. कोणत्या फायलीत ते नंतर बघू.

मग लक्षात आलं की अनायासे फार छान प्रयोग हाताशी आलाय. डीडीरेस्क्यू सेक्टर जसाच्या तसा उचलतो. म्हणजे नव्या डिस्कवर आतोबांचा सगळा विस्कळीतपणाही जागच्या जागी आलाय. माझ्याकडे एक टीबीची सुटी, धडधाकट डिस्क पडून आहे. तिच्यावर ही प्रत उतरवायची, एका सॉफ्टवेअरने डीफ्रॅग मारायचा, मोजायचं. पुन्हा तीच प्रत उतरवायची, दुसऱ्याने मारायचा, मोजायचं. दोघांना सुरुवात एकच. आतोबांच्या प्रश्नाला न्याय मिळेल.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मोजमाप. फायलीचे तुकडे मोजायला कॉन्टिग, मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटरनल्स या संचातलं, मार्क रुसिनोविचने लिहिलेलं. छोटं, फुकट, कमांडवर चालणारं. वाचनाचा वेळ मोजताना फाईल नुसती वाचून टाकायची, कुठे लिहायची नाही, आणि दर वेळी मशीन रीस्टार्ट करायचं. नाहीतर विंडोज दुसऱ्यांदा मेमरीतूनच वाचून देतं आणि आपण खूश होतो.

दोन फायली निवडल्या. दोन्ही ४५ मिनिटांच्या, ४५४ एमबीच्या.

गेल्या वर्षीचा भूप: ९४० तुकडे, वाचायला ८ सेकंद.
यंदा ऑगस्टमधला मारवा: १,९१२ तुकडे, वाचायला ३१ सेकंद.

तुकडे दुप्पट, वेळ मात्र चौपट. हे कोडं सोडवण्यात सबंध दुपार गेली, आणि सगळ्या प्रकरणात मला हाच भाग सर्वांत रंजक वाटला.

आतोबा वेळ वाचवायला दोन कॅसेट डेक एकदम चालवतात. दोन प्रोग्राम, दोन फायली, दोन्ही थोड्या थोड्या वाढत जातात. डिस्क मोकळी असेल तर दोन्हीचे तुकडे एकाआड एक, पण शेजारी शेजारी पडतात. दोन माणसांनी एकाच वहीत आळीपाळीने लिहावं तसं. त्यातल्या एकाचं वाचायचं तर दुसऱ्याच्या ओळी ओलांडायच्या, बस. फार तर दुप्पट वेळ. भूप असा लिहिला गेलाय. चारऐवजी आठ सेकंद.

ऑगस्टपर्यंत डी ९४ टक्के भरला होता. मोकळी जागा होती, पण आतोबांनी मधून मधून पुसलेल्या फोटोंची आणि गाण्यांची भोकं, सगळ्या डिस्कभर विखुरलेली. मारवा त्या भोकांत भरला गेला. स्थायी एका कॅसेटवर, अंतरा तिसऱ्याच, आणि ताना कपाटावरच्या खोक्यात. तिथे हेडला खरोखर उड्या माराव्या लागतात, १,९१२ वेळा तेरा मिलिसेकंद, पंचवीस सेकंद त्यातच गेले.

म्हणजे टक्केवारीला अर्थ नाही, तुकड्यांच्या संख्येलाही फारसा नाही. एक तुकडा दुसऱ्यापासून किती लांब आहे ते महत्त्वाचं, आणि ते ना विंडोज सांगतं ना लाल अक्षरं.

२४ नोव्हेंबर, रविवार

विंडोजचा डीफ्रॅग, आहे त्या स्थितीत. ३६ जीबी मोकळे, सहाच टक्के. विंडोजला नीट काम करायला पंधराएक टक्के मोकळी जागा लागते. तीन तास दहा मिनिटं चालला. मारवा १,९१२ वरून ५८ तुकड्यांवर. वाचन ५.३ सेकंद.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

रात्री विकतचं सॉफ्टवेअर, त्याच प्रतीवर. सात तास चाळीस मिनिटं. मारवा ३ तुकडे, ४.४ सेकंद.

प्रामाणिकपणे लिहायचं तर भरलेल्या डिस्कवर विकतचं जिंकलं. नऊ दशांश सेकंदाने, साडेचार तास जास्त घेऊन.

वेळ कुठे गेला तेही दिसतं. त्याने तुकडे जोडण्यावर न थांबता अख्ख्या फायली उचलून चकतीच्या बाहेरच्या भागाकडे नेल्या. बाहेरच्या ट्रॅकवर एका फेऱ्यात जास्त डेटा मावतो, त्यामुळे तिथे वाचन वेगाने होतं, हे खरंच आहे. पण ज्या फायली वर्षातून दोनदा ऐकायच्या त्या पुढच्या रांगेत बसवून काय साधलं?

१ डिसेंबर, रविवार

तिसरी फेरी. प्रत पुन्हा उतरवली, लग्नाचे ९० जीबी बाजूला काढले, आता २१ टक्के मोकळं. विंडोजचा डीफ्रॅग पुन्हा. मारवा २ तुकडे, ४.५ सेकंद. फरक संपला. १,४०० रुपयांचं काम एक फोल्डर हलवल्याने झालं.

आतोबांना आकडे दाखवले तर त्यांनी विचारलं, "पण त्यांच्याकडे काही खास युक्ती असेल ना?" नाही. हलवण्याची वाट सगळ्यांना एकच आहे. १९९६ च्या विंडोज एनटी ४ मध्ये मायक्रोसॉफ्टने चालू डिस्कवर सुरक्षितपणे क्लस्टर, म्हणजे सेक्टरचे गट, हलवण्याची सोय दिली. आजही विंडोजचा स्वतःचा डीफ्रॅग आणि बाजारातले डीफ्रॅग त्याच दरवाज्यातून जातात. फरक कोणती फाईल आधी आणि कुठे, एवढाच.

गंमत म्हणजे विंडोजचा 'घरचा' डीफ्रॅग मुळात बाहेरूनच आलेला. १९९३ च्या डॉस ६ मधला सिमँटेककडून घेतलेला, आणि विंडोज २००० मधला एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअरच्या डिस्ककीपरची छाटलेली आवृत्ती. त्या काळी पूर्ण डिस्ककीपर विकत घेणाऱ्याला वेडं कोणी म्हणालं नसतं. एनटी ४ मध्ये हलवण्याची सोय होती, पण हलवणारा प्रोग्राम नव्हता. एक्सपीवर तर मी स्वतः मायडीफ्रॅग हे बाहेरचं सॉफ्टवेअर वापरलंय आणि तेव्हा फरक पडायचा. पुढे व्हिस्टाने काम दर आठवड्याला आपोआप करायला घेतलं, बुधवारी रात्री एक वाजता, आणि या धंद्याखालची जमीन सरकली. डीफ्रॅगलर या लोकप्रिय सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती, २.२२, २०१८ ची आहे.

आज एखाद्याला बाहेरचं हवंच असेल तर एकच खरी गरज मला दिसते: एकच फाईल किंवा फोल्डर निवडून जोडायचं. विंडोजच्या खिडकीत ती सोय नाही. पण कॉन्टिग तेच करतं, फुकटात.

७ डिसेंबर, शनिवार

नवं मशीन जुळवलं, म्हणजे जुन्याच डब्यात नवा माल. एसएसडीवर विंडोज, दोन टीबीवर गाणी. गाण्यांच्या डिस्कवर ती सेक्टरची प्रत ठेवली नाही. तिच्यावरच्या फायली माझ्या सुट्या डिस्कवर काढल्या, नवी डिस्क फॉरमॅट मारली आणि फाईलवार परत कॉपी केल्या. रिकाम्या डिस्कवर एकामागून एक कॉपी करणं हाच मुळात डीफ्रॅग आहे. मारवा: १ तुकडा. कोणतंच सॉफ्टवेअर नाही.

आतोबांच्या आग्रहाखातर विकतचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं. पाच मिनिटांत: सी १८ टक्के विस्कळीत, त्वरित दुरुस्त करा. सी आता एसएसडी! तिथे ना हेड ना चकती, तुकडा कुठेही असला तरी पोचायचा वेळ जवळपास तोच, आणि हलवाहलवीने फक्त लिहिण्याचं आयुष्य खर्च होतं. विंडोज डिस्कचा प्रकार ओळखून तिथे ट्रिम, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली याची सूचना, पाठवतं. सिस्टिम रिस्टोर, म्हणजे विंडोज आधीच्या स्थितीला परत नेण्याची सोय, चालू असेल तर अधूनमधून एसएसडीवरही थोडा डीफ्रॅग करतं, तेव्हा 'कधीच नाही' हेही पूर्ण खरं नाही. पण तो निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा.

शिवाय या सॉफ्टवेअरच्या यादीत आतोबांची बॅकअपची बाहेरची यूएसबी डिस्कही 'आपोआप' खाली टिक झालेली. ती एसएमआर आहे, ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. तिच्यावर डीफ्रॅग लावला तर होळीपर्यंत चालेल. टिक काढली, मग सॉफ्टवेअरच काढलं. पुढच्या वर्षीचे पैसे आपोआप कापले जाणार होते, तेही बंद केलं. विंडोजचं वेळापत्रक चालू.

रेकॉर्डिंगची पद्धत बदलली. दोन्ही डेक आता एसएसडीवर लिहितात, आणि दोन्ही बाजू संपल्या की फायली गाण्यांच्या डिस्कवर हलवायच्या. तुकडे मुळात पडणारच नाहीत.

८ डिसेंबर, रविवार

गेलेला पाव सेकंद शोधला. दोन फायलींत, तीन जागी. एक यमन, तो आम्ही ऐकलाच होता. दुसरी मालवा हाऊसवरून घेतलेली सारंगी, तिच्यात दोन जागा. एक निवेदनात, शब्दाच्या मधोमध. दुसरी मी हेडफोन लावून चार वेळा ऐकली तरी सापडेना, तंबोऱ्यात कुठेतरी विरघळली होती. आतोबांनी हेडफोन न लावता एकदाच ऐकलं आणि बोट वर केलं.

दोन्ही कॅसेट पुन्हा लावायच्या ठरल्या. यमनची बाजू झाली: १ तुकडा, ४५ मिनिटं, कुठेही थांबली नाही. सारंगी लावली तर स्वर खाली खाली जाऊ लागला. डावा डेक. उघडून पाहिलं तर पट्टा सैल, बोटाने ओढला तर मागे फिरत नाही. मधल्या काही महिन्यांतल्या किती कॅसेट या डेकवर उतरवल्यात, हे आतोबा वहीत शोधतायत.

मंगळवारी पट्टा बघायला परत जेल रोड.